दहावा माणूस मिळाला का?

मे महिना लागला की आपल्याकडे घरं भरतात. मामाच्या गावाला आलेली पोरं, खाटेखाली आंब्यांची आढी, गच्चीवर कुरडया-पापड, आणि रात्री एका खोलीत आठ-आठ गाद्या. आजी-आजोबांच्या वर्षातले हेच तर खरे गजबजलेले दिवस!

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात मात्र नेमकं उलटं घडतं. तिथल्या ज्यू आजी-आजोबांच्या वसाहतींमध्ये उन्हाळा आला की घरं रिकामी होतात. गाड्यांच्या डिकीत बॅगा पडतात, फ्रीज रिकामा होतो, शेजारणीच्या हातात किल्ली ठेवली जाते आणि निम्मी बिल्डिंग उत्तरेकडे निघून जाते. मागे राहतात ते ज्यांना जायला दुसरं घर नाही, किंवा ज्यांच्यात आता प्रवासाचं बळ उरलेलं नाही. आज गोष्ट सांगायची आहे ती या मागे राहिलेल्यांची.

यातली एक नावाजलेली वसाहत म्हणजे वेस्ट पाम बीच शहराजवळचं 'सेंच्युरी व्हिलेज'. १९६०च्या दशकाच्या अखेरीला एच. आयर्विन लेव्ही या वकिलाने बिल्डर होऊन ती उभी केली. सुमारे ७,८५० फ्लॅट, बुटक्या, एकसारख्या इमारती, मधोमध भलं मोठं क्लबहाऊस, नाटकं-गाण्यांसाठी थिएटर, पोहण्याचे तलाव आणि गाडी चालवता न येणाऱ्यांसाठी वसाहतीच्या बस. पुढे डिअरफिल्ड बीच, बोका रॅटन आणि पेम्ब्रोक पाइन्स इथेही याच नावाच्या वसाहती झाल्या. न्यूयॉर्कच्या टीव्हीवर रेड बटन्स हा विनोदी नट हसतहसत त्यांची जाहिरात करायचा. तो स्वतः न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत वाढलेला. त्यामुळे 'आपलाच माणूस सांगतोय' म्हटल्यावर लोक विमानात बसायचे!

गंमत म्हणजे इमारतींच्या गटांना नावं दिली केंट, विंडसर, शेफील्ड, कँटरबरी. राहायला आले कोण? ब्रुकलिन आणि ब्राँक्सच्या चाळवजा इमारतींत जन्म गेलेले शिंपी, शाळामास्तर, पोस्टातले कारकून, छोटे दुकानदार. त्यांचे आई-बाप पोलंड-रशियातून नेसत्या कपड्यांनिशी आलेले. साहेबी नावाची हौस काय आपल्याच बिल्डरांना असते असं थोडंच आहे?

ही माणसं आली कशासाठी? एक तर न्यूयॉर्कची थंडी. बर्फावरून पाय घसरला की म्हातारपणी खुब्याचं हाड गेलंच म्हणून समजा. दुसरं म्हणजे पेन्शन आणि सोशल सिक्युरिटीच्या पैशांत इथे स्वतःचं घर होत होतं. पण तिसरं कारण मला जास्त खरं वाटतं. जुनी गल्ली बदलली होती. ओळखीचा खाटीक, बेकरी, देवळासारखं रोजचं सिनेगॉग, कोपऱ्यावरचा गप्पांचा अड्डा सगळं पांगलं होतं. मुलं उपनगरांत मोठ्या घरांत गेली होती. म्हणून अख्खी गल्लीच उचलून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला नेली म्हणा ना! याआधीच्या पिढीने मायामी बीचवर हेच केलं होतं. तिथल्या छोट्या हॉटेलांच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून म्हातारी मंडळी दिवसभर यिडिश भाषेत गप्पा मारत बसायची. त्याच यिडिशमध्ये लिहून १९७८ साली नोबेल मिळवणारे आयझॅक बाशेविस सिंगर जवळच्या सर्फसाइडमध्ये राहायचे आणि १९९१ साली तिथेच वारले.

अशा वसाहतीतला दिवस लवकर सुरू होतो. ऊन चढण्याआधी टोपी घालून फेरफटका. मग पोहण्याचा तलाव. पण पोहतं कोण? कमरेएवढ्या पाण्यात गोल उभं राहायचं, हात हलवल्यासारखं करायचं आणि तोंड मात्र अखंड चालू ठेवायचं. कोणाचं ऑपरेशन, कोणाची सून, कोणत्या दुकानात कोंबडी स्वस्त! गावच्या पारावर जे चालतं तेच इथे पाण्यात उभं राहून चालतं. याच तलावाशी, उघड्या दंडांमुळे, एखाद्या हातावर निळसर आकडे दिसायचे. आउशवित्झच्या छळछावणीत गोंदलेला कैद्याचा नंबर. दक्षिण फ्लॉरिडात असे वाचलेले लोक मोठ्या संख्येने आले होते. आता त्यांच्यातले फार थोडे उरलेत.

दुपारी पत्ते, कॅनास्टा आणि 'माह जाँग'. हा मूळचा चिनी सोंगट्यांचा खेळ. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही ज्यू बायकांनी त्याची राष्ट्रीय लीग काढली आणि अमेरिकन पद्धतीचे नियम ठरवले. लीग दरवर्षी जिंकण्याच्या जोड्यांचं नवं कार्ड छापते, म्हणजे गेल्या वर्षी पाठ केलेलं यंदा कामाला येत नाही. कार्डाच्या विक्रीतला पैसा दानधर्माला जातो, आणि अधू नजरेच्यांसाठी मोठ्या अक्षरांतलं कार्डही मिळतं. चार बायका, एक टेबल, सोंगट्यांचा खळखळाट. या चौघींमधली एक गेली, तर तिच्या जागी कोणाला घ्यायचं हा प्रश्न महिनोन् महिने सुटत नाही. आपल्या भिशीच्या ग्रुपमध्ये तरी कुठे सुटतो?

स्वयंपाकघरात धर्म पाळणाऱ्यांची दोन राज्यं असतात. मांसाची भांडी वेगळी, दूधदुभत्याची वेगळी. दोन्ही एकाच जेवणात येत नाहीत. आपल्या आज्यांचं सोवळं-ओवळं पाहिलेल्यांना हे सांगायला नकोच. शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी घरची बाई मेणबत्त्या लावते, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना करते आणि शब्बाथ सुरू होतो. जून महिन्यात तिथे सूर्य सव्वाआठला मावळतो. तोवर भूक कशी धरायची? त्यामुळे उन्हाळ्यात पुष्कळ जण शब्बाथ थोडा लवकरच 'आणतात'. त्यानंतर शनिवारी रात्र पडेपर्यंत कडक पाळणारे लोक दिव्याचं किंवा लिफ्टचं बटण दाबत नाहीत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थाने तेव्हा जिना चढायचा की प्रार्थना चुकवायची? हा धर्माचा प्रश्न की गुडघ्यांचा?

एक गोष्ट मात्र ही मंडळी कधीच चुकवत नाहीत, ती म्हणजे मतदान! फ्लॉरिडातले पुढारी निवडणुकीआधी क्लबहाऊसची पायरी चढतातच. २००० सालची अध्यक्षीय निवडणूक आठवते? पाम बीच काउंटीची मतपत्रिका इतकी विचित्र छापली होती की अल गोर यांना मत द्यायला गेलेल्या अनेकांचं भोक पॅट ब्युकॅनन यांच्या नावापुढे पडलं. गोर यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी जो लीबरमन होते, एखाद्या मोठ्या पक्षाने उभे केलेले पहिले ज्यू उमेदवार! त्यांना सोडून ज्यू आजोबा ब्युकॅनन यांना मत देतील यावर खुद्द ब्युकॅनन यांचाही विश्वास बसला नाही. त्यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, शिवाय १९ हजारांहून जास्त मतपत्रिका दोन भोकं पडल्याने बाद झाल्या. आणि बुश संपूर्ण राज्य जिंकले ते अवघ्या ५३७ मतांनी. म्हाताऱ्यांच्या वसाहतीला कोण विचारतं, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तर असं हे भरलेलं गोकुळ एप्रिलमध्ये वल्हांडण सण झाला की रिकामं व्हायला लागतं. हिवाळ्यापुरत्या येणाऱ्यांना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फाला भिऊन आलेले पक्षी म्हणतात. ते न्यूयॉर्कला किंवा कॅनडात आपल्या दुसऱ्या घरी जातात. पूर्वी पुष्कळ जण न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल डोंगरांत जायचे. तिथे लाकडी बंगल्यांच्या वाड्या असत. बायका-पोरं अख्खा उन्हाळा राहायची आणि नवरे शनिवार-रविवारी शहरातून यायचे. अगदी कोकणातल्या चाकरमान्यासारखे! ते बालपण ज्यांनी भोगलं, त्यांना म्हातारपणीही उन्हाळा म्हणजे डोंगर असंच वाटत राहिलं. परत यायचं ते थेट सप्टेंबर-ऑक्टोबरात, नववर्षाचे सण आटोपल्यावर.

नातवंडं? ती उन्हाळ्यात इथे फारशी येत नाहीत. एक तर इथला उन्हाळा आपल्या कोकणातल्या जूनसारखा. घाम, दमट हवा, दुपारी गडगडाट आणि पाऊस. शिवाय तिकडे मुलांना सुट्टीत समर कॅम्पला पाठवतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कायदा. ज्येष्ठांची वसाहत म्हणून मान्यता हवी तर किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ वर्षांवरचा लागतो. त्यामुळे लहान मुलांनी पाहुणे म्हणून किती दिवस राहायचं याचेही सोसायट्यांचे नियम असतात. नातवाच्या मुक्कामाला मुदत! आपल्याकडच्या आजीने सेक्रेटरीला घरात घेतलं नसतं.

मागे राहिलेल्यांचा उन्हाळा सुरू होतो तो किल्ल्यांनी. एकेकीकडे पाच-पाच घरांच्या किल्ल्या असतात. प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. इथली हवा इतकी ओली की बंद घरात चार आठवड्यांत भिंतींना बुरशी धरते, म्हणून एसी मंद चालू ठेवून जावं लागतं. तो बंद तर पडला नाही ना, नळ गळतोय का, संडासात पाणी आटलंय का, हे कोणीतरी जाऊन पाहायचं. 'त्यात काय मोठंसं?' असं वाटेल. पण विचार करा. एकट्या राहणाऱ्या ८४ वर्षांच्या बाईला सकाळी उठून पाच घरं बघून यायची आहेत. ती एक दिवस फिरकली नाही तर खालच्या मजल्यावरच्या बाईच्या लगेच लक्षात येतं आणि ती वर येऊन दार वाजवते. किल्ल्या दिल्या गेल्या रिकाम्या घरांसाठी. पण त्यांनी राखण होते ती भरलेल्या घरातल्या एकट्या माणसाची.

तलावावरचा पारही उन्हाळ्यात लहान होतो. हिवाळ्यात आपापल्या कंपूत बसणारे लोक आता एकाच टेबलावर येतात. माह जाँगच्या चार टेबलांची दोन होतात. क्लबहाऊसमधले मोठे कार्यक्रम रोडावतात, मग कोणाच्या तरी बैठकीत चीजकेक आणि कॉफी. मे-जूनमध्ये येणाऱ्या शावुओत या सणाला दुधाचेच पदार्थ करतात, त्यामुळे चीजकेकला धर्माचाही आधार मिळतो आणि डॉक्टरकडे बोट दाखवता येत नाही. चार जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आहेच. आणि आता शेजारीही सगळे ज्यू राहिलेले नाहीत. फ्रेंच बोलणारे कॅनेडियन, हैतीहून आलेले, लॅटिन अमेरिकेतले निवृत्त लोक शेजारच्या दारात आलेत. हिवाळ्यात 'हाय'वर भागतं. उन्हाळ्यात मात्र त्यांच्याशी बोलावंच लागतं, कारण मजल्यावर दुसरं आहे कोण?

आता येतो खरा प्रश्न. ज्यू माणसाला आई-वडिलांची पुण्यतिथी पाळायची असते. 'यार्त्साइट' म्हणतात तिला. ती तारखेने नव्हे, तिथीने! त्यांचं पंचांगही चंद्रावर चालतं आणि आपल्या अधिक मासासारखा तेही १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना घालतात. आदल्या संध्याकाळी काचेच्या पेल्यातली मेणबत्ती लावायची, ती २४ तास जळते. (मेण संपल्यावर तो पेला धुऊन पाणी प्यायला वापरायचा, ही गरिबीतून आलेल्या घरांची जुनी खोड!) आणि सिनेगॉगमध्ये जाऊन 'कद्दिश' म्हणायचं. गंमत अशी की मृतांसाठीच्या या प्रार्थनेत मृत्यूचा उच्चारही नाही, केवळ देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा माणसं हवीत. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. नऊ पंडित जमले तरी चालत नाही, दहावा हवाच.

हिवाळ्यात दहा काय, शंभर जमतात. जुलै-ऑगस्टच्या सकाळी मात्र दारात उभं राहून मोजणी सुरू होते. सात... आठ... नऊ. घड्याळाकडे पाहायचं. मग फोन. 'अमक्याच्या आईची तिथी आहे आज, येतोस का?' पलीकडचा माणूस कदाचित देव मानत नसेल, वर्षभर सिनेगॉगकडे फिरकला नसेल. पण 'दहावा कमी पडतोय' म्हटल्यावर चप्पल घालून निघतो. आई-वडील गेल्यावर तर अकरा महिने रोज कद्दिश म्हणायचं असतं. त्यातला उन्हाळा पार पाडायचा तो या फोनवर उठून येणाऱ्यांच्या जिवावर.

पण वसाहतीत बायका जास्त, पुरुष कमी. बायका जास्त जगतात ना! सनातनी पंथात मिन्यानमध्ये पुरुषच मोजतात. मध्यम मार्गाच्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह' पंथाच्या धर्मसमितीने मात्र १९७३ साली बायकांनाही मोजायला परवानगी दिली आणि निर्णय ज्या त्या सिनेगॉगवर सोडला. बड्या शहरांत हा समानतेचा प्रश्न होता. म्हाताऱ्यांच्या वसाहतीत तो साध्या बेरजेचाही होता. जिथे तो स्वीकारला तिथे साठ वर्षं मागच्या बाकावर बसलेली बाई एका सकाळी 'दहावी' झाली. २०२०च्या कोरोनात याच पंथाने आणीबाणी म्हणून घरबसल्या व्हिडिओवर मिन्यानला मुभा दिली, तेव्हा स्नोबर्ड मंडळी न्यूयॉर्कहूनही हजर राहू लागली. सनातन्यांना ते मान्य नाही. माणूस समोर उभा हवा.

ही मोजणी आपल्या देशालाही नवी नाही. कोचीच्या १५६८ सालच्या परदेशी सिनेगॉगमध्ये आता बाहेरून पाहुणे आल्याशिवाय दहा होत नाहीत. रायगडातले बेने इस्रायल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपण 'शनवार तेली' म्हणायचो, ते १९४८नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. कोकणातली त्यांची प्रार्थनास्थळंही अशीच माणसांची वाट पाहतात.

मागे राहिलेल्यांची खरी परीक्षा घेतं ते वादळ. एक जून ते ३० नोव्हेंबर हा तिथे चक्रीवादळांचा मोसम. २४ ऑक्टोबर २००५ला 'विल्मा' आलं तेव्हा दक्षिण फ्लॉरिडात अनेक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. लिफ्ट बंद म्हणजे वरच्या मजल्यावरची माणसं अडकली. गोळ्या, पाणी, बर्फ सगळं जिन्याने पोचवायचं. सप्टेंबर २०१७मध्ये 'इर्मा' वादळानंतर हॉलिवूड गावातल्या एका शुश्रूषागृहात एसी बंद पडून बारा वृद्ध उकाड्याने दगावले. पुढच्या वर्षी अशा संस्थांना जनरेटर सक्तीचा झाला. पण सेंच्युरी व्हिलेजसारख्या वसाहती संस्था नव्हेत. तिथे प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा मालक, स्वतंत्र. स्वातंत्र्याचा अर्थ असाही होतो की मध्यरात्री दार वाजवायला नर्स येत नाही, शेजारीणच यावी लागते.

आणि पैसा. २४ जून २०२१च्या पहाटे सर्फसाइडमधली बारा मजली इमारत अर्धी कोसळली आणि ९८ माणसं गेली. त्यात ज्यू कुटुंबं बरीच होती. त्यानंतर २०२२च्या कायद्याने तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. २०२५ साली त्यात थोडी सवलतही दिली. कायदा योग्यच, त्याबद्दल दुमत नाही. पण ठरलेल्या पेन्शनवर जगणाऱ्याने एकदम वाढलेला मेंटेनन्स भरायचा कुठून? घर स्वतःचं आहे, कर्ज नाही, तरी ते परवडत नाही, ही वेळ आयुष्यभर पैसा-पैसा जोडणाऱ्यांवर यावी?

'मुलांनी आई-बापांना लांब टाकलं' असा निकाल आपण पटकन देतो. इथे तो बसत नाही. पुष्कळांना मुलं बोलावतात, पण हे जात नाहीत. मुलाच्या घरी वरची खोली मिळेल, सून चांगली असेल, पण खाली उतरल्यावर बोलायला कोण? आपल्या पुण्या-नाशकातही मुलं परदेशी असलेले आई-वडील आता ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांत जागा बघायला जातात, तेव्हा बाग किती मोठी, जवळ हॉस्पिटल आहे का, लिफ्टला बॅकअप आहे का, हे सगळं विचारतात. मला वाटतं, आणखी एक प्रश्न विचारावा. मे महिन्यात इथे किती घरं उघडी असतात? आणि त्या दिवसांतल्या एखाद्या दुपारी, आधी न कळवता, जाऊन बघावं.

तिकडे सिनेगॉगच्या भिंतीवर गेलेल्यांच्या नावांच्या पितळी पाट्या असतात. प्रत्येक नावाशेजारी एक इवलासा दिवा. ज्याची तिथी त्या आठवड्यात, त्याचा दिवा लागतो. ज्यांचे नातलग उन्हाळ्यात उत्तरेला गेलेत त्यांचेही दिवे लागतात, आणि ते लावतो मागे राहिलेल्यांपैकीच कोणीतरी. मग दाराशी येतो आणि मोजायला लागतो. सात... आठ...